जाड्या आवाजाने शिकवलेली रग्बी

मी मुळात कबड्डीचा माणूस. गोंदियाजवळच्या एका शाळेत पीटी शिकवायचो आणि आमच्या मुली तालुक्याच्या कबड्डीत कायम वर असायच्या. मातीचं मैदान, चुन्याच्या रेघा आणि छातीत दम, एवढ्यावर माझं बरं चाललं होतं. जनगणनेच्या वर्षी शालेय स्पर्धांच्या सभेत सांगितलं गेलं की यंदापासून रग्बीही आहे, कोणत्या शाळा मुलींचा संघ उतरवणार? सभेत सगळे खाली मान घालून बसले. त्याच वेळी शेजारच्या सरांनी माझ्यापुढे तंबाखू-सुपारीच्या खर्‍याची पुडी धरली. मी खात नाही, म्हणून नको म्हणायला हात वर केला. समोरून टाळ्या वाजल्या. आमच्या शाळेचं नाव लागलं.

रग्बीचं प्रशिक्षण शिबिर तोवर होऊन गेलं होतं. ते झालं तेव्हा मी जनगणनेच्या कामात फुलचूरच्या गल्ल्यांत घरं मोजत फिरत होतो आणि लोकांना विचारत होतो की भिंत मातीची आहे की विटांची. शिबिराला गेलेल्या एका सरांना फोन केला, तर ते म्हणाले, "काही नाही हो, धरायचं आणि पाडायचं. आपल्या कबड्डीसारखंच." मग चेंडू आला. दोन्ही टोकांना निमुळता. कबड्डीच्या मुली त्याच्याभोवती गोळा झाल्या आणि बराच वेळ कोणीच हात लावेना.

"सर, याच्यावर कोणी बसलं होतं का जी?" आमच्या कॅप्टनने विचारलं.

ही कॅप्टन बिरसीकडची. धावपट्टीच्या कुंपणाला लागून त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं होती. शिकाऊ वैमानिकांची विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालायची, त्यामुळे ती लहानपणापासून मोठ्याने बोलायला शिकली होती. तिचा आवाज मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा आणि ती कोणाला भीत नसे, मला तर नाहीच.

आता ही रग्बी मी शिकू कुठे? तेव्हा फुलचूरला मी ज्यांच्या घरी भाड्याने राहायचो त्या काकांकडे टीव्हीची छत्रीसारखी तबकडी होती आणि तिच्यावर खेळांचं एक चॅनेल होतं, ज्यावर शनिवारी दुपारी परदेशातले रग्बीचे सामने लागायचे. शनिवारी आमची शाळा सकाळची. मी जेवून खाली जायचो. काका रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झालेले, आणि इंग्रजीवर त्यांची श्रद्धा होती. मला इंग्रजी वाचता यायचं, पण त्या लोकांचं बोलणं कानाने पकडता येत नसे. त्यामुळे टीव्हीतले बोलायचे, काका समजावून सांगायचे आणि काकू चहा आणून द्यायच्या.

पहिल्याच दिवशी काळ्या कपड्यांतला एक धिप्पाड माणूस पळत गेला आणि रेषेपलीकडे चेंडू टेकवून उताणा झाला. टीव्हीतला माणूस ओरडला.

"काय म्हणतो, काका?"

"म्हणतो, ट्राय. ट्राय म्हणजे प्रयत्न."

"प्रयत्न कसा? त्यानं तर नेऊन ठेवला."

काका म्हणाले, "साहेब लोक आहेत मास्तर. स्वतःच्या तोंडानं झालं म्हणत नाहीत."

मग एकाला पिवळं कार्ड मिळालं आणि तो मान खाली घालून बाहेर जाऊन खुर्चीवर बसला. काकांनी कान टवकारले. "याले म्हणतात पापाची पेटी."

"कशाची?"

"पापाची. सिन म्हणजे पाप, बिन म्हणजे पेटी. पाप केलं का तिथं बसा लागते." हा शब्द मी सोमवारी शाळेत नेला आणि आठवडाभरात तो सगळ्या शाळेत पसरला. उशिरा येणारी मुलं दाराशी उभी राहून वर्गशिक्षकांना विचारायची, पापाच्या पेटीत बसू का सर?

सामन्याचं वर्णन करायला दोघे असायचे. एक नुसता ओरडायचा. दुसरा जुना खेळाडू होता, त्याचा आवाज जाड आणि खर्जातला. तो फारसा बोलत नसे, पण बोलला की निकाल दिल्यासारखं बोलायचा. काका त्याच्यावर फिदा होते. "यह आदमी खुद खेला हुआ है," ते मला बजावायचे, "याचं आयका." गंमत अशी की हा जाड्या आवाजाचा माणूस एक सांगायचा आणि मैदानावरचा पंच नेमका त्याच्या उलट करायचा. चेंडू कोणाच्या हातून सुटला की हा म्हणायचा, संपलं, चूक झाली, आता शिट्टी. पंच शिट्टी वाजवायचाच नाही, खेळ पुढे जायचा. मग जाड्या आवाजाला राग यायचा.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, या पंचानं काय बघितलं ते देवालेच ठाऊक."

एकदा नव्हे, दर शनिवारी हेच. आम्हा दोघांचं मत झालं की परदेशातसुद्धा पंच विकले जातात. काकांना याचा फार धक्का बसला. आपल्याकडे होतं ते ठीक, पण तिकडेही? पंचाची बाजू घ्यावी असं आम्हाला एकदाही वाटलं नाही. तो बारीक अंगाचा, सारखा धापा टाकणारा माणूस. आणि इकडे हा खर्जातला आवाज. आम्ही आवाज निवडला.

अशा रीतीने आमच्याकडे नियम जमले. चेंडू पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा, हा तर डोळ्यांना दिसत होता. बाकीचे जाड्या आवाजाचे. हातातून चेंडू खाली पडला की खेळ थांबला. चेंडूवाली जमिनीवर पडली की तिनं चेंडू सोडलाच पाहिजे, मग कोणी पाडो की आपणहून घसरो. आणि कोपर्‍यातल्या झेंड्याला अंग लागलं की बाहेर, मग चेंडू टेकवून काही उपयोग नाही. शेवटचा नियम तर त्याने इतक्या ठासून सांगितला होता की काकांनी टीव्हीला नमस्कार करायचा बाकी ठेवला होता. त्या दिवशीही पंचाने ट्राय दिलाच, आणि काका रागाने उठून अंगणात निघून गेले.

मुली भराभर शिकल्या. कबड्डीमुळे कंबर धरून पाडणं त्यांना येतच होतं. चेंडू हाती घेऊन पळायचं तेवढं नवीन. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा सुरू झाल्या तेव्हा काही दिवस निम्म्या मुली यायच्या, पण आल्या की जीव तोडून खेळायच्या. आणि शिस्त अशी, की चेंडू पडला रे पडला, सगळ्या जागच्या जागी थिजायच्या. काका स्कूटर घेऊन सराव बघायला यायचे. मुली अशा पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या की ते खूश होऊन म्हणायचे, "बघा मास्तर, टीव्हीवाल्यापेक्षा आपल्या पोट्ट्या नियमाच्या पक्क्या."

जिल्ह्यात दुसरा संघच नव्हता म्हणून आम्ही थेट विभागाला, आणि विभागाचे सामने नागपूरला होते. आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. डब्यात मुलींनी पोळ्या-चटणी खाल्ली, गाणी म्हटली आणि एका बाईने विचारलं तेव्हा कॅप्टनने चेंडू दाखवून सांगितलं की ही गोल चेंडूची लांब बहीण आहे. काकाही बरोबर आले होते. त्यांनी रेल्वेतला काळा कोट घातला होता, आणि तिकीट तपासनीस त्यांना सलाम करून पुढे गेला.

आमचा पहिला सामना नागपूरच्याच एका शाळेशी. त्यांच्या पायांत गुडघ्यापर्यंत मोजे, अंगात सारखे टीशर्ट. आमच्या मुलींच्या अंगात कबड्डीचे बनियन. पंच म्हणून एक तरुण मुलगी होती, केस बारीक कापलेले, बोलणं पुण्याकडचं. दोन्ही संघांना तिने "खेळ चांगला करा गं" म्हटलं आणि शिट्टी वाजवली.

सुरुवातीला आम्ही वरचढ होतो. आमच्या लांब पायांच्या मुलीला चेंडू मिळाला, तिने दोघींना चुकवलं आणि तिसरीच्या धक्क्याने चेंडू तिच्या हातून निसटून मागे पडला. आमच्या सगळ्या मुली थिजल्या. एकीने तर ओढणी सावरतात तसा बनियन सावरला. नागपूरच्या एका मुलीने क्षणभर आमच्याकडे पाहिलं, पंचाकडे पाहिलं, चेंडू उचलला आणि शांतपणे पळत जाऊन पलीकडे टेकवला. ट्राय.

"चूक आहे!" काका रेषेबाहेरून ओरडले. "चेंडू पडला होता!"

पंचाने वळूनही बघितलं नाही.

थोड्या वेळाने त्यांची एक मुलगी पळता पळता आपणहून पाय घसरून पडली. आमच्या तिघी तिच्याभोवती जाऊन उभ्या राहिल्या, जशा पाहुण्यांना वाट देतात तशा, आणि ती चेंडू कधी सोडते याची वाट बघू लागल्या. कॅप्टन तिला म्हणालीसुद्धा, "सोड ना व बाई, पडलीस ना तू." ती उठली आणि चेंडूसकट निघून गेली. दुसरा ट्राय.  काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मास्तर, हीसुद्धा विकली गेली."

मध्यंतराला मी मुलींना गोळा केलं. मी शिकवलेलं सगळं त्या बरोबर करत होत्या आणि त्यामुळेच हरत होत्या. कॅप्टनने पाण्याची बाटली खाली आपटली.

"सर, एक सांगू का जी? ती मॅडम शिट्टी वाजवत नाही तोवर आपण कायले थांबून राहिलो?"

"अगं, पण नियम…"

"नियम राहू द्या. शिट्टी नाही वाजली तर पळा. सगळ्या आयकल्या का व?"

सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं.

दुसर्‍या डावात आमच्या मुली एकदाही थांबल्या नाहीत. चेंडू मागे पडला, पुढे पडला, कोणी घसरलं, त्यांना काही फरक पडेना. पुढे पडला की पंच शिट्टी वाजवायची, मागे पडला की नाही, हे पाच मिनिटांत मैदानावरच्या मुलींना कळलं. रेषेबाहेर उभ्या आम्हा दोघांना बराच वेळ कळलं नाही. कॅप्टनने एक ट्राय केला. मग लांब पायांची मुलगी कडेकडेने सुटली. मागून एकीने तिला ढकललं, ती कोपर्‍यातल्या झेंड्यावर जाऊन आदळली, झेंडा वाकला, आणि पडता पडता तिने चेंडू रेषेपलीकडे टेकवला. लगेच लांब शिट्टी. मुलगी उठली, झेंडा सरळ केला, त्याची माती हाताने पुसली आणि डोळ्यांत पाणी आणून परत चालू लागली. काकांनी "अरेरे" म्हणत कपाळाला हात लावला. मी तिला म्हणालो, "जाऊ दे बेटा, झेंडा लागला." कॅप्टन मात्र पंचाकडे बघत होती. पंचाचा हात सरळ वर गेला होता.

"सर, ट्राय दिला तिनं!"

"झेंडा लागला ना पण?"

"तुम्ही तिले सांगायले जाता का आता?" कॅप्टन माझ्यावरच ओरडली.

तो सामना आम्ही थोडक्यात हरलो. पण दोन ट्राय आमचे होते, आणि कबड्डीच्या बनियनातल्या आमच्या मुलींभोवती नागपूरच्या मुली गोळा होऊन त्या पाडतात कसं ते विचारत होत्या.

जेवणाच्या सुट्टीत पंचबाई आपला डबा घेऊन आमच्याजवळ आल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. "सर, रागावू नका, पण तुमच्या मुली मध्येच उभ्या का राहत होत्या?"

काकांनी गळा साफ केला आणि आमचे नियम सांगितले. एकामागून एक, गार्डाच्या थाटात. पंचबाईंनी पोळीचा घास तसाच हातात धरून सगळं ऐकून घेतलं.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"टीव्हीवर सांगतात," मी म्हणालो. "एक जाड्या आवाजाचे गृहस्थ आहेत."

त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अहो सर, ते खूप मोठे खेळाडू होते. पण त्यांनी खेळणं सोडलं त्याला किती वर्षं झाली! झेंड्याचा नियम बदलला मध्यंतरी. आता नुसता झेंडा लागला तर बाहेर नाही. चेंडू मागे पडला तर काहीच चूक नाही. आणि कोणी धरलेलं नसेल, तर पडलेली मुलगी उठून पळू शकते. हे तुमच्या त्या गृहस्थांनी कधी वाचलेलंच नसणार. खेळलेल्या माणसाला नियम आपोआप येतात असं सगळ्यांना वाटतं, त्यांना स्वतःलाही."

"आणि तो पंच?" काकांनी विचारलं. "तो विकला गेलेला नव्हता?"

"कोण पंच?"

"कोणताही. सगळेच."

"नाही हो काका. ते बिचारे बरोबर देत असतात." मग त्या मला म्हणाल्या, "सर, सामने जरूर बघा. फक्त आवाज बंद करून बघा."

 काकांनी कोटाची वरची गुंडी काढली, परत लावली आणि चहा प्यायला एकटेच गेले. मला त्यांचं वाईट वाटलं. महिनोन् महिने ज्याच्या शब्दावर विसंबून त्यांनी दूरदेशीच्या सज्जन पंचांना शिव्या घातल्या, त्याच्यापायी आता नागपूरच्या उन्हात फुळकवणी चहा प्यायची वेळ आली होती.

दुपारी दुसरा सामना झाला. पंचबाईंनी सांगितलेलं मुलींनी पोळी खाता खाता ऐकलं होतं. त्या मोकळ्या सुटल्या आणि तो सामना आम्ही जिंकलो, चांगला दणकून. परतीच्या गाडीत काका सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. तुमसरच्या आसपास ते एकदाच बोलले. "इतका छान आवाज, मास्तर. आणि त्याले काहीच माहीत नसावं?"

पुढच्या शनिवारी मी खाली गेलो, टीव्ही लावला आणि आवाज बंद केला. खोली एकदम रिकामी वाटली. माणसं पळत होती, पडत होती, आणि काकूंचं तांदूळ निवडणं ऐकू येत होतं. काका खुर्चीत अवघडून बसले होते, कारण आता त्यांना कामच नव्हतं. थोडा वेळ गेला आणि ते स्वतःच बोलायला लागले. आधी हळू. "हा पळून राहिला. त्याले आडवा केला. आता पंचानं हात असा केला, म्हणजे काय बरं?" मग आम्ही दोघं त्या हाताचा अर्थ लावत बसायचो. पंचाने हात वर केला, आडवा केला, मागे फेकला, प्रत्येकाचं काहीतरी कारण असणार. चुकायचो, भांडायचो, पण हळूहळू खेळ दिसायला लागला. मी इतके महिने सामने बघितले होते असं मला वाटत होतं; खरं म्हणजे मी तो आवाजच बघत होतो.

पुढच्या वर्षी जिल्ह्याचे सामने गोंदियातच झाले. तोवर इतर शाळांनीही संघ उतरवले होते. बघायला बरीच गर्दी होती, आणि तिच्यातल्या कोणालाच खेळ कळत नव्हता, म्हणून माईक कोणाच्या तरी हाती द्यायचं ठरलं. काका आदल्या दिवसापासून मध घालून गरम पाणी पीत होते. मी मनात म्हटलं, झालं आता.

मांडवात बसून त्यांनी माईकवर फुंकर मारली आणि अर्धी झाडीबोली, अर्धी हिंदी अशा भाषेत सुरुवात केली. सामना सुरू झाला. आमचीच मुलगी चेंडू घेऊन पळाली, पडली, वर आणखी चार जणी पडल्या आणि शिट्टी वाजली. सगळं मैदान मांडवाकडे बघायला लागलं. काकांनी श्वास घेतला. लाउडस्पीकरमधून आवाज आला:

"मॅडमनं शिट्टी वाजवली आहे. काऊन वाजवली, ते मले माहीत नाही. विचारून सांगतो."

मैदानावर जो हशा पिकला तो थांबेचना. पंच म्हणून त्याच पुण्याच्या बाई आल्या होत्या. त्या धावत मांडवापाशी आल्या, काकांच्या कानात काहीतरी बोलल्या आणि परत गेल्या. "मॅडम म्हणतात," काकांनी जाहीर केलं, "चेंडूवाली उठू शकत नव्हती, आणि बाकीच्या तिच्या अंगावर झोपून राहिल्या. झोपायचं असन तर घरी झोपा."

त्यानंतर दिवसभर असंच चाललं. जे कळलं ते काका सांगायचे, नाही कळलं तर नाही म्हणायचे, आणि जेव्हा ते नाही म्हणायचे तेव्हा लोक सर्वात जास्त टाळ्या वाजवायचे. दुपारी एकदा ते ठामपणे काहीतरी बोलून गेले आणि ते चुकलं. तेव्हा आमच्या कॅप्टनने खेळता खेळता मैदानातूनच हाक मारली, "काका, उलटं आहे जी!" आणि काका माईकवरच म्हणाले, "उलटं आहे म्हणतात. बदलून घ्या."

आमच्या मुली जिल्ह्यात पहिल्या आल्या. पुढे विभागातही त्यांनी चांगलं केलं. राज्याला मात्र पहिल्याच सामन्यात समोरच्या मुलींनी त्यांना अक्षरशः पळवून पळवून हरवलं, आणि त्यात कोणाच्या नियमांचा काही दोष नव्हता. कॅप्टन आता पोलिसात आहे. तिची ड्युटी कधीमधी फुलचूरकडे लागते तेव्हा ती काकांकडे चहाला थांबते, आणि शनिवार असला तर दोघं मिळून टीव्ही लावतात. काकू सांगतात की पोरगी घरात आली की शेजार्‍यांना वाटतं भांडण लागलं.